वरच्या खोलीत माजी जावई

११ जानेवारी

प्रिय बुटकीस,

अनेक आशीर्वाद. तू माझ्याहून वीतभर उंच झालीस त्याला कितीतरी वर्षं झाली, पण आता नाव कोण बदलत बसणार.

एक गोष्ट कळवायची आहे. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून गेलेली बरी. वरची खोली मी भाड्याने दिली. भाडेकरू तुझ्या ओळखीचे आहेत. म्हणजे तू त्यांच्याशी नऊ वर्षं संसार केला होतास.

पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

रविवारी दुपारी दार उघडलं तर ते ओट्यावर बसलेले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची लाल पेटी. म्हणाले, "आई, जवळपास एखादी खोली मिळेल का? शहरात एकट्याला परवडेना." मी म्हटलं, आत या, चहा घ्या. चहा होईपर्यंत मी खूप आठवून पाहिलं, पण दुसरी खोली काही आठवली नाही. आपली वरची रिकामीच होती. तुझे वडील गेल्यापासून तिथे फक्त कोळी राहतात, आणि तेही फुकट.

तू म्हणशील, आई, घटस्फोट झालाय. ठाऊक आहे. कोर्टाने नातं तोडलं, पण अहो-जाहो तोडायचा हुकूम त्या कागदात नव्हता. म्हणून मी अजून त्यांना जावईबापूच म्हणते. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह महिन्याच्या एक तारखेला भाडं देणार आहे, बाकीच्या नऊ ग्रहांनी आजवर मला काही दिलेलं नाही.

फोन करू नकोस. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, अख्ख्या गावाचे फोन मी जोडून दिले. आता कानाला काही लावायची इच्छा नाही. पत्र लिही. पत्रात तुझा आवाजही चढत नाही.

तुझी,
आई


१९ जानेवारी

ती. आईस,

नमस्कार. पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही त्यात तेच लिहिलेलं होतं.

तू विसरली असशील म्हणून सांगते. घटस्फोट मिळाल्यावर आठ महिने आम्ही दोघं याच घरात राहिलो, कारण वेगळं राहणं दोघांनाही परवडत नव्हतं. कोर्टाने आम्हाला एका सकाळीत वेगळं केलं. घरमालकाला ते जमायला आठ महिने लागले. फ्रिजचा वरचा कप्पा माझा, खालचा त्याचा. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या मध्यावर त्याने एक चिमटा लावून ठेवला होता, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो. शेवटी तो गेला तेव्हा मला वाटलं, सुटले. तो एक दिवस माझ्या आईच्या डोक्यावर जाऊन बसेल असं वाटलं नव्हतं. डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर. तुझी खाट त्या खोलीच्या बरोबर खाली आहे.

तो लिफ्ट दुरुस्त करतो. तुमच्या गावातली सगळ्यात उंच इमारत तीन मजल्यांची. तिथे तो काय वर नेणार आणि काय खाली आणणार, ते त्याचं त्याला ठाऊक.

तुझा डाव मला कळतो. दोघांना परत जुळवायचं. तसं काही मनात असेल तर आत्ताच काढून टाक. आमचं भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आमचं भांडण कधी झालंच नाही. बोलणं संपलं.

मी मजेत आहे. कवळ्यांच्या कारखान्यात काम भरपूर आहे. या आठवड्यात एका गृहस्थांची अख्खी बत्तिशी मी एकटीने केली. इथे कुणी फारसं हसत नाही, पण दात सगळ्यांना हवे असतात. आतली आणि बाहेरची, दोन्ही खोल्या आता माझ्या एकटीच्या. पाय पसरून राहते आहे.

तुझी,
बुटकी


२ फेब्रुवारी

प्रिय बुटकीस,

आशीर्वाद. माझा काही डाव वगैरे नाही. मी वरची खोली भाड्याने दिली आहे, वधुवर सूचक मंडळ उघडलेलं नाही.

त्यांना इथे काम नाही म्हणालीस. ऐक. आपल्या इस्पितळात लिफ्ट आहे, तुला आठवत नसेल. कुणाला फारशी आठवत नाही, कारण बसवली त्या दिवसापासून ती बंद होती. तिच्यात मोडक्या खाटा रचून ठेवल्या होत्या. जावईबापूंनी खाटा बाहेर काढल्या, आठवडाभर खाली खड्ड्यात आणि वर छपरावर खपले, आणि लिफ्ट चालू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या रोग्यांना आता कधी नव्हे इतकी माणसं भेटायला जातात. किराणावाला त्याच्या मेव्हण्याला बघायला दोनदा गेला. दुसऱ्या वेळी मेव्हणा बरा होऊन घरी गेलेला होता, तरी गेला.

शिवाय नव्या इमारती उठताहेत. शहर परवडत नाही म्हणून माणसं इथे येतात, आणि त्यांना लिफ्टशिवाय चालत नाही. स्टेशनसमोरचा न्हावी उठला, तिथे कॉफीचं दुकान आलं. एका कपाला जेवढे घेतात तेवढ्यात तो न्हावी बापलेकांचे केस कापायचा. भाजीवाली माझ्याशी बोलता बोलता भाव सांगते आणि चष्मेवाली नवी गिऱ्हाइकं दिसली की आकडा बदलते. मग मलाही तोच आकडा द्यावा लागतो, कारण नेमकी मी त्यांच्या शेजारी उभी असते. शहर ज्यांना परवडत नाही ते इथे येतात, ते आले की इथल्यांना इथलं परवडत नाही, मग इथली पोरं शहरात जातात. माणसं तेवढीच राहतात, भाडं तेवढं वाढतं.

तुझ्या दोन खोल्यांचं वाचून बरं वाटलं. पुढल्या महिन्यात चार दिवस येईन म्हणते. आतल्या खोलीत निजेन, तुला त्रास नाही.

तुझी,
आई


१० फेब्रुवारी

ती. आईस,

नमस्कार. पुढल्या महिन्यात येऊ नकोस. आतल्या खोलीला रंग काढायचा आहे.

बाकी क्षेम.

बुटकी


४ मार्च

तुला काय म्हणून लिहावं ते कळलं नाही, म्हणून वर काही लिहिलं नाही.

मी तुझ्या आईंच्या वरच्या खोलीत राहतो, हे तुला त्यांनी कळवलं आहेच. त्यांनी मला एक अट घातली होती की एक गोष्ट तुला सांगायची नाही. दोन महिने ती पाळली. यापुढे पाळता येईल असं वाटत नाही.

आईंना ऐकू येत नाही. डाव्या कानाने अजिबात नाही, उजव्या कानाने थोडं, तेही बोलणाऱ्याचं तोंड दिसत असेल तर. समोर बसून बोललं की ओठांवरून सगळं कळतं, त्यामुळे गावात कुणाच्या लक्षात आलेलं नाही. फोन त्यांना नकोसा झालाय असं त्या सांगतात ते खरं नाही. फोनवर ओठ दिसत नाहीत.

मी आलो त्या रविवारी अर्धा तास दार वाजवत होतो. त्यांनी दार उघडलं ते मी वाजवलं म्हणून नाही, त्या कचरा टाकायला बाहेर येत होत्या. गेल्या आठवड्यात तसंच झालं. बराच वेळ उत्तर आलं नाही तेव्हा मी मागच्या खिडकीतून आत उडी मारली. त्या पेपर वाचत होत्या. मला म्हणाल्या, "दार कुठे गेलं?" शेगडीवरचं भांडं करपून काळं झालं होतं. ते शिट्टीचं भांडं होतं, पाणी उकळलं की वाजणारं.

आता मी बेलच्या तारेला स्वयंपाकघरात एक दिवा जोडून दिला आहे. बेल दाबली की दिवा लागतो. शेजारणीला त्यांनी सांगितलं की जावयाला शोभेची हौस आहे.

हे तुझं तू काय ते ठरव. मला वाटलं तुला माहीत असावं.

डिसेंबरात मी शिडी न्यायला आलो तेव्हा दाराशी दुसऱ्या कुणाच्या चपला होत्या आणि तुझी गादी बाहेरच्या खोलीत भिंतीला उभी केलेली होती. आतली खोली तू भाड्याने दिली आहेस हे मला तेव्हाच कळलं. आईंना मी बोललेलो नाही. पण दोन्हीकडची गुपितं सांभाळत बसणं माझ्याच्याने होत नाही. त्यातलं एक तरी तू कमी कर.

आणखी एक सांगायचं आहे. ते समोर सांगेन.

(सही)


२९ मार्च

ती. आईस,

नमस्कार. सुखरूप पोचले. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली.

चार दिवस तुझ्याकडे राहिले आणि जे बोलायला आले होते ते बोलले नाही. तूही बोलली नाहीस. म्हणून आता लिहिते.

मी आले तेव्हा दार उघडंच होतं. तू माझ्याकडे पाठ करून मटार सोलत होतीस. मी उंबऱ्यातून हाक मारली. मग आत येऊन मारली. मग तुझ्या अगदी मागे उभी राहून मारली. तू मटार सोलत राहिलीस, आणि एक दाणा घरंगळत गेला तो उचलायला वळलीस तेव्हा मी दिसले. तू म्हणालीस, "अगं, हाक नाही का मारायची?" मी म्हटलं, नाही मारली. लहानपणी मी शेजारच्या अंगणात पडून नुसता हुंदका गिळला तरी तू हातातलं टाकून धावत यायचीस. मग मीही मटार सोलायला घेतले.

तुझा भाडेकरू मला एसटी स्टँडवर घ्यायला आला होता. वाटेत त्याने सांगितलं की तो लग्न करतोय. इस्पितळातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई. लिफ्टमध्ये ओळख झाली म्हणे. त्याच्या आयुष्यात काहीही व्हायचं तर लिफ्टमध्येच व्हायला हवं. मी अभिनंदन म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, तू चहा केलास, आम्ही चौघं बसलो आणि इस्पितळातल्या चादरींविषयी बोललो. बाई चांगल्या आहेत. तुझ्याशी बोलताना त्या दर वेळी तुझ्यासमोर येऊन बसतात, हे मी पाहिलं. मला राग यायला हवा होता. परत येताना बसमध्ये मी तो आणायचा प्रयत्न केला, पण आला नाही. रडू मात्र आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "माहेर सुटलं का?" मी हो म्हटलं, कारण बाकीचं सांगायला बसचा प्रवास पुरला नसता.

आता माझं. आतली खोली मी कधीच भाड्याने दिली आहे. रंगबिंग काही काढलेला नाही. हिशेबाचं काम करणारी एक मुलगी तिथे राहते, शांत आहे, भांडी घासते. मी बाहेरच्या खोलीत झोपते. घरमालकाने नव्या करारात भाडं पुन्हा वाढवलं आहे आणि आम्हा दोघींना मिळूनही ते झेपत नाही. इथून निघावं तर कारखाना इथे, कामावरून घरी यायला दोन तास लागतील अशा ठिकाणीही भाडी अशीच.

तर एक विचारायचं होतं. तू तिसरी म्हणून येतेस का? बाहेरच्या खोलीत दोन गाद्या मावतात, मी मोजून पाहिलं. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला खरोखर एकटीला परवडत नाही. तिसरा वाटा तुला द्यावा लागेल.

विचार करून कळव.

बुटकी


९ एप्रिल

प्रिय बुटकीस,

आशीर्वाद. पत्र वाचून दोन दिवस तसंच ठेवलं होतं.

कान गेले, हे खरं. एकदम गेले नाहीत. आधी पक्षी गेले, मग घड्याळ, मग माणसं. तुला सांगितलं नाही त्याचं कारण एवढंच की ज्या कानांवर मी तुला वाढवलं तेच गेले, हे लिहायला हात होईना. आणि सांगितलं असतं तर तू काम सोडून इथे येऊन बसली असतीस. मग दोघींची उपासमार झाली असती, आणि ती मला ऐकू आली नसती तरी दिसली असती.

चौघं चहाला बसलो तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होतीस, त्यावरून मला कळलंच होतं की तुला कुणीतरी सांगितलं. जावईबापूंवर रागावले नाही. त्या दिवशी त्यांच्या चहात साखर घातली नाही, बस.

आता तू विचारलं नाहीस तेही सांगते. डाव होता. ते ओट्यावर बसलेले दिसले तेव्हाच माझ्या मनात आलं की हे इथे राहिले तर तू कधीतरी येशील, कधीतरी जिन्याने वर जाशील. तसं काही झालं नाही. हल्ली संध्याकाळी जिन्यावरून दोन माणसं वर जातात. मला पावलं ऐकू येत नाहीत, पण फळीवरच्या बशा हलतात, त्यावरून कळतं. त्यातली एक तू नाहीस, एवढंच. त्या बाईचा यात काही दोष नाही. उलट तिचं ऐकशील तर तिच्या घरमालकाने तिला खोली सोडायला सांगितली आहे, शहरातून आलेल्या एका कुटुंबाला दुप्पट भाड्याने द्यायची म्हणून. लग्न झाल्यावर राहायचं कुठे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

तो मी काल सोडवला. दोघांना समोर बसवलं आणि म्हटलं, वरची-खालची मिळून सगळं घर घ्या. बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी शहरात चालले, तिथे मला परवडतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं मला प्रश्न नीट ऐकू आला नाही.

शेजारणीला वाटतं मी डोक्यावर पडले. "या वयात लोक शहरातून इथे येतात, आणि तुम्ही उलट्या कुठे?" असं म्हणाली. म्हणजे तिचे ओठ तसं म्हणाले.

तू वाटा मागितलास ते बरं केलंस. ‘तुझ्याच्याने एकटीने होत नाही, ये’ असं लिहिलं असतंस तर मी आले नसते. तुला ते माहीत होतं, आणि तुला ते माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तर आता कुणी काही बोलू नये.

येते.

आई


१६ एप्रिल

ती. आईस,

ये. दोन पातेली आणि तुझी उशी आण. कपाट आणू नकोस, जिना अरुंद आहे आणि वळणावर अडकेल. शेजारणीला माझा नमस्कार सांग.

बुटकी


२१ सप्टेंबर

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. ही सवय आहे, तुमच्या मंडळींनी राग मानू नये.

भाडं वेळेवर मिळालं. तुमच्याकडची भाडी वाढली म्हणून तुम्हीच होऊन दोनशे जास्त पाठवलेत, ते बरोबर केलंत. मी मागणार होतेच, फक्त लाजत होते. तुमच्या गावाने चढवलेल्या भाड्यातून आता इथल्या मालकाने चढवलेलं भाडं जातं. म्हणजे एक चोर दुसऱ्या चोराला पोसतो, आणि आम्ही मध्ये निवांत बसतो.

कानाला यंत्र बसवलं. ज्या दिवशी बसवलं त्या दिवशी दुकानदाराने बुटकीला म्हटलं, "आता तुम्ही काहीतरी बोला." ती म्हणाली, "आई, पैसे मी देते, तू छत्री घे." तिचा आवाज तिच्या वडिलांसारखा झाला आहे, थोडा खरखरीत. इतक्या दिवसांत कुणी मला हे सांगितलं नव्हतं. मी छत्री घ्यायची विसरले आणि आम्हाला परत जावं लागलं.

पहिले दोन महिने आमचं पटलं नाही. तिला वाटायचं मी तिच्या भांड्यांची जागा बदलते. मी बदलत होते. तिने एक दिवस दोरीच्या मध्यावर चिमटा लावून ठेवला. मी तो काढून दुसऱ्या टोकाला लावला. ती बघत राहिली आणि हसायला लागली, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच. तुम्हाला वाईट वाटू नये, पण तुम्ही तो चिमटा हलवून पाहायला हवा होता.

आता तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या आतल्या खोलीतली हिशेबाची मुलगी जाते आहे. शहर परवडत नाही म्हणते. तिला तुमच्या गावात काम मिळालं, स्टेशनसमोरच्या त्या कॉफीच्या दुकानाच्या मालकाकडेच. येत्या एक तारखेला ती तिथे पोचेल. चांगली मुलगी आहे, भांडी घासते. तिला एखादी खोली बघून द्या, नवीन इमारतींत नको, जुन्या वस्तीत बघा. आणि तिच्यामुळे भाजीवालीने भाव वाढवला तर तिला बोलू नका, ती मुद्दाम करत नाही.

ती गेली की आतली खोली मोकळी होईल. तुमच्या भाड्यावर आणि माझ्या पेन्शनीवर आता आम्हा दोघींना सगळं घर झेपतं, हिशेब त्या मुलीनेच जायच्या आधी मांडून दिला. मी बुटकीला म्हटलं, इतके महिने तू बाहेर झोपलीस, आता आतली खोली तुझी. ती हो म्हणाली. मुलीने आपलं सामान कालच बांधून मैत्रिणीकडे हलवलं, म्हणून काल दुपारी आम्ही दोघींनी बुटकीची गादी, दिवा, कपडे सगळं आत नेऊन लावलं.

आज सकाळी बघते तर गादी परत बाहेर, माझ्या गादीला लागून. विचारलं तर म्हणाली, "आतला पंखा फार आवाज करतो, झोप येत नाही."

ती कामावर गेल्यावर मी आत जाऊन पंखा लावला आणि खाली खुर्ची टाकून बसले. कानातल्या यंत्राचा आवाज पूर्ण मोठा केला. बराच वेळ ऐकला. पंख्याला काहीही झालेलं नाही.

तुम्ही दुरुस्त करायला येऊ नका.

तुमची,
आई